मर्विन हॅल्केटचे तळवे

भूकंप झाला की कोफाई बे या आमच्या किनाऱ्यावरच्या गावातली माणसं पहिल्यांदा काहीच करत नाहीत. हातातला कप हातात धरून जागच्या जागी थांबतात आणि हलणं वाढतंय की विरतंय याचा अंदाज घेतात. वाढलं तर टेबलाखाली शिरायचं, विरलं तर आकडा सांगायचा, असा गावाचा साधा हिशेब आहे. मात्र आकडा फोन बघायच्या आधी सांगायचा. भूकंपमापन केंद्राचा आकडा फोनवर आल्यानंतर "मलाही तेवढाच वाटला होता" म्हणणाऱ्या माणसाला गावात कुणी उभं करत नाही. लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबात अशा एका गृहस्थाला कित्येक वर्षांत कुणी जोडीला घेतलेलं नाही, आणि तो बिचारा अजून समजतो की आपला खांदा दुखतो म्हणून.

तर एकदा का हललं, की "साडेतीन!", "छे, चारच्या खाली नाही!", "लांबचा होता, पण दणकट होता!" असा गलका होई आणि मग कुणीतरी विचारीच, "मर्विन काय म्हणतो?"

मर्विन हॅल्केट हा वजनमापं खात्यातला निवृत्त निरीक्षक. उभा जन्म त्याने खाटकांचे तराजू आणि पेट्रोलपंपांची मापं तपासण्यात घालवलेला. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने पृथ्वी मोजायला घेतली. ही कामगिरी तो अनवाणी करी. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, त्या थंडीतही मागच्या खोलीत, खिडकीपाशी, आपल्या खुर्चीत, उघडे तळवे लाकडी जमिनीवर टेकवून तो बसलेला असे. मोजे घातले की पॉइंट दोनचा फरक पडतो, असं त्याचं म्हणणं होतं.

"पडू दे की," त्याची बायको नोलीन म्हणायची. "पॉइंट दोनने कुणाचं अडलंय? तुला न्यूमोनिया झाला तर मला निस्तरावं लागेल."

पण मर्विनची खरी कीर्ती होती ती बारक्या भूकंपांबद्दल. इतरांना तीन-साडेतीनच्या खालचं काही कळत नसे. मर्विनला दोनवाले कळत. चहा पिता पिता तो एक बोट वर करी, डोळे मिटी आणि म्हणे, "दोन पॉइंट सहा. उथळ." आणि थोड्या वेळाने केंद्राच्या पानावर खरोखरच दोन पॉइंट सहाची नोंद उमटे. कधीकधी उमटत नसे. तेव्हाही मर्विन यंत्रांना नावं ठेवत नसे. "त्यांच्यापर्यंत पोचला नसेल," एवढंच मोठ्या मनाने म्हणे.

या तळव्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होता तो शेजारच्या वाल्मायला. वाल्माय क्रॉम्बी एकटी राहायची. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपात तिच्या घराचं विटांचं धुराडं छप्पर फोडून थेट तिच्या आरामखुर्चीत येऊन बसलं. ती तेव्हा मागे कपडे वाळत घालत होती म्हणून वाचली. ही गोष्ट ती सगळ्यांना हसत हसत सांगे, पण तेव्हापासून तिचे बूट पलंगाशी, नाड्या सोडून, कायम तयार असत. काही हललं, किंवा हलल्यासारखं वाटलं, की ती मर्विनला फोन करी.

"मर्विन, होता का रे?"

"होता. तीन पॉइंट एक. विसरून जा."

"एवढाच?"

"हे बघ वाल्माय. आपल्या देशात आठचा म्हणजे शतकातून एखादा. सातचा तीन-चार वर्षांतून एकदा, तोही बहुतेक कुठेतरी लांब समुद्रात. सहाचे वर्षाला एक-दोन. पाचचे पंचवीस-तीस. चारचे तीन-साडेतीनशे. तीनचे हजारांनी, आणि दोनचे तर विचारूच नकोस. एक पायरी खाली उतरलं की दहापटीच्या आसपास वाढतात. म्हणजे जे हलतंय ते बहुतेक लहानच असणार. आता चहा पी."

"पिते," वाल्माय म्हणे आणि फोन ठेवी.

हा जप नोलीनला भांडी घासता घासता पाठ झाला होता. मर्विनला मात्र तो दर वेळी नव्याने सांगावासा वाटे. आपण या खुर्चीत बसलो आहोत म्हणून ही गल्ली निर्धास्त आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं. निवृत्त माणसाला एवढं वाटायला मिळालं तर तो आणखी काय मागणार?

आता भूकंपमापन केंद्राची एक पद्धत आहे. आपल्याला धक्का जाणवला की त्यांच्या पानावर जाऊन कळवायचं: कुठे होतात, काय हललं, कपाटातली भांडी वाजली का. लोक चारच्या वरचे कळवतात, फार तर साडेतीनचे. मर्विन सगळे कळवायचा. अशी दोनेक वर्षं गेल्यावर एके दिवशी केंद्रातल्या डॉ. टॅमसिन या बाईंचा मेल आला. तुमच्या पत्त्यावरून येणाऱ्या नोंदी इतरांपेक्षा फारच वेगळ्या आहेत, तुमची हरकत नसेल तर मला एकदा प्रत्यक्ष येऊन बघायचं आहे, असं तिने लिहिलं होतं.

"'फारच वेगळ्या'," मर्विनने नोलीनला वाचून दाखवलं. मग गल्लीत वाचून दाखवलं. मग क्लबात वाचून दाखवलं, आणि ज्याचा खांदा दुखतो त्यालाही बाजूला घेऊन वाचून दाखवलं.

"तुझे तळवे मोजून नेतील," विरेमू पोहातू म्हणाला. "साचा काढतात म्हणे."

विरेमू हा समोर राहणारा. सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या मोठ्या बोटीवर इंजिनिअर होता. अंगाने आडवातिडवा, चालायला लागला की समोरच्याने वाट द्यावी. आयुष्य हलत्या बोटीवर काढल्यामुळे पाचच्या खालचा भूकंप त्याच्या खिजगणतीत नसे. जमीन फार वेळ स्थिर राहिली तर मला गरगरतं, असं तो सांगायचा.

बाई येणार म्हटल्यावर तयारी सुरू झाली. आधी फक्त पडदे धुवायचे ठरलं होतं. पडदे धुतल्यावर खिडक्यांचा रंग मळका दिसायला लागला. खिडक्या रंगवल्यावर व्हरांड्याचा कठडा डोळ्यांत खुपायला लागला. कठडा ओला असतानाच पोस्टमन त्याला टेकला, आणि त्याच्या शर्टाची भरपाई नोलीनला आल्याच्या वड्यांच्या डब्याने करावी लागली. मागचं दार घासत होतं ते मर्विनने तासलं, आठवडाभराने पुन्हा घासायला लागलं, पुन्हा तासलं. मग पाहुण्या बाईला मागच्या खोलीत कसं न्यायचं म्हणून खुर्ची दिवाणखान्यात आणली. पण तिथे मर्विनला काही जाणवेना.

"इथली जमीन बधिर आहे," तो म्हणाला. खुर्ची परत मागे गेली.

नोलीनने पाव्हलोव्हा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या फेसाचा केक, केला. तिच्या ओव्हनमधून कुठलाही केक एका बाजूला उतरता होऊनच निघायचा. ती उतरत्या बाजूला जास्त साय आणि किवीची फळं रचून तो सपाट करायची. गेली दहा वर्षं ती याबद्दल ओव्हन बनवणाऱ्या कंपनीला शिव्या देत होती. एवढं सगळं डोळ्यांसमोर असूनही जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेल्या माणसाच्या मनात स्वतःच्या घराबद्दल शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

शनिवारी दुपारी डॉ. टॅमसिन आली. तिशीतली, पायात चिखलाचे गमबूट, ते तिने दारातच काढले. दिवाणखान्यात विरेमू होता, वाल्माय होती, क्लबातली चार-सहा माणसं होती. मर्विन सूट घालून अनवाणी उभा होता. त्याने तिला बसवलं आणि कुठला भूकंप किती वेळा होतो ते आठपासून दोनपर्यंत उतरत समजावून सांगितलं. आता ज्या बाईचं पोट यावरच चालतं तिला हे सांगायची काय गरज होती, असं कुणी म्हणेल. पण तिने सगळं ऐकून घेतलं.

"अगदी बरोबर आहेत आकडे," ती म्हणाली. "मर्विन, तुम्ही तुमच्या खुर्चीत बसता का? दार लावून घ्या. काही जाणवलं तर तिथूनच मोठ्याने सांगा. आम्ही इथे गप्प बसतो."

मर्विन आत गेला. दार लागलं. दिवाणखान्यात सगळे चहाचे कप घेऊन, घशाशी आलेला खोकलाही दाबून बसले. बराच वेळ काही झालं नाही. पाव्हलोव्हा स्वयंपाकघरात होता आणि तो अजून कापलेला नव्हता, ही गोष्ट विरेमूला सहन होईना. तो हळूच उठला आणि आपल्या परीने चवड्यांवर, बोळातून स्वयंपाकघराकडे निघाला.

"दोन पॉइंट आठ!" आतून आवाज आला. "उथळ!"

डॉ. टॅमसिनने फोन बघितला. कुठे काही नव्हतं. विरेमू बशी भरून परत फिरला.

"दोन पॉइंट नऊ! मघाच्याच मागचा!"

आता सगळ्यांनी विरेमूकडे बघितलं. तो बोळाच्या मधोमध बशी धरून, एक पाय हवेत ठेवून उभा होता.

"विरेमू," डॉ. टॅमसिन हलक्या आवाजात म्हणाली, "पुन्हा एकदा जाऊन येता?"

"मग दुसरा तुकडा घेऊ?"

"घ्या."

"दोन पॉइंट आठ!" मर्विन ओरडला. "आज रांग लागलीय!"

"आता येताना जरा पळत या," टॅमसिन म्हणाली.

विरेमू शाळा सुटल्यापासून पळाला नव्हता. पण विज्ञानाचं काम म्हटल्यावर तो पळाला.

"तीन पॉइंट चार! नोलीन, कपाट धर!"

नोलीनने सवयीने कपाट धरलं. मग सोडलं. क्लबातल्या एकाने तोंडावर रुमाल घेतला, दुसऱ्याने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि मग सगळी खोलीच हसून हसून लोळायला लागली. वाल्माय हसली नाही. "त्याला बाहेर तरी बोलवा कुणी," ती म्हणाली. "किती वेळ ओरडायला लावणार?"

डॉ. टॅमसिन बॅटरी घेऊन घराखाली शिरली. आमच्याकडची घरं लाकडाची, लाकडी खुंटांवर उभी असतात. खाली माणूस सरपटत जाईल एवढी जागा असते. मर्विन सुटासकट गवतावर पालथा पडून खाली डोकावत होता.

"मर्विन, मागच्या खोलीखालचे खुंट कुजलेत," आतून आवाज आला. "हा कोपऱ्यातला तर घराला लागतच नाहीये. मधून माझा हात जातोय."

"मग कोपरा कशावर उभा आहे?"

बॅटरीचा उजेड आत इकडून तिकडे फिरला. "तेच बघतेय," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर केसांतला कोळी काढत ती त्याच्याशी फार चांगलं बोलली. तुमच्या पुष्कळशा नोंदी खऱ्या होत्या, ती म्हणाली, बारका धक्का तुमच्या घरात कितीतरी मोठा होऊन पोचतो. यंत्र म्हणून हे घर अप्रतिम आहे. पण वर्षाला जे एक-दोन सहाचे होतात, त्यातला एखादा इथे जवळ झाला तर मागची खोली बागेत जाईल. लवकर दुरुस्त करून घ्या.

मर्विनला त्यातला एकच शब्द ऐकू आला. घर. तळवे नव्हेत, घर. सगळे गेल्यावर त्याने कोट काढला, टाय काढला आणि मोजे घातले. नोलीनच्या ते लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही, आणि नोलीन बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं.

गावाने मात्र बोलायचं ते बोलून घेतलं. विरेमू क्लबात शिरला की "दोन पॉइंट आठ आले" अशी ललकारी होई. त्याची बायको दोन पॉइंट तीन ठरली. जेवणानंतर विरेमूला पॉइंट एक वाढवून द्यावा का, यावर एक संपूर्ण सामना खोळंबला. सल्ल्यांनाही तोटा नव्हता. एकाने मोटारीचा जॅक लावून मध्ये विटा सरकव असं सुचवलं. दुसरा म्हणाला, दुसरा कोपराही तेवढाच कुजू दे, घर आपोआप सपाट होईल. ज्याचा खांदा दुखतो तो म्हणाला, "मला तर पहिल्यापासूनच वाटत होतं." विरेमू तेवढा ओशाळून रोज संध्याकाळी येई आणि व्हरांड्याच्या पायरीवरच बसे. आत यायला तो घाबरत होता.

खुंट बदलायला नगरपालिकेची परवानगी लागते. नगरपालिकेची स्वतःची इमारत भूकंपाला कच्ची ठरल्यामुळे तिचं ऑफिस पोहण्याच्या तलावाशेजारी पत्र्याच्या डब्यांमध्ये भरत होतं. तिथल्या मुलीने जुना नकाशा काढला. त्यात मर्विनच्या घराचं तोंड उलटीकडे होतं.

"म्हणजे तुम्ही घर फिरवलंत का?" तिने विचारलं.

"मी कशाला फिरवीन?"

"मग नकाशाप्रमाणे कुजलेला कोपरा रस्त्याच्या बाजूला येतो. तुम्ही परवानगी मागच्या बाजूची मागताय."

तीन खेपा घातल्यावर घराचं तोंड ठरलं. चौथ्या खेपेला मुलीने शिक्का मारता मारता वर बघितलं. "तुम्हीच का हो ते, दोन पॉइंट आठवाले?" मर्विनने परवानगीचा कागद घडी करून खिशात घातला. एकेकाळी तो दुकानात शिरला की खाटिक तराजू पुसायला लागत, हे त्या पोरीला कोण सांगणार?

वसंतात काम झालं. नवे खुंट बसले, घर उचलून त्यांच्यावर टेकवलं, लोखंडी पट्ट्यांनी बांधलं. मागचं दार घासायचं थांबलं. पाव्हलोव्हा सरळ निघाला, आणि नोलीनने त्या ओव्हन कंपनीची मनातल्या मनात माफी मागितली. विरेमू बोळातून जाऊन आला आणि कपाटातली एक बशी वाजली नाही. सगळं छान झालं होतं. फक्त मर्विन खिडकीपाशी बसे आणि त्याला काही म्हणजे काही कळत नसे. एकदा चार पॉइंट एकचा होऊन गेला आणि तो बटाटे सोलत राहिला.

आणि फोनही वाजत नव्हता. त्या शनिवारपासून वाल्मायचा एकदाही फोन आला नव्हता. कशाला येईल, मर्विन मनाशी म्हणे. जिथे माणसाची चाहूल आणि भूकंप यांतला फरक कळत नाही, तिथे तिने का विचारावं? थट्टा त्याने पचवली होती. हे पचत नव्हतं. कित्येक वर्षं आपण त्या बाईला धीर दिला, आणि देताना आपल्यालाच काही माहीत नव्हतं, या विचाराने त्याला चहा गोड लागेना.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी फोन वाजला.

"मर्विन, होता का रे?"

मर्विनने तळवे जमिनीवर दाबले. काही नाही. त्याने खिडकीतून बघितलं. वाल्मायच्या व्हरांड्यावरून विरेमू जळणाच्या लाकडांची ढकलगाडी उतरवत होता.

"वाल्माय," तो म्हणाला, "खरं सांगू? मला आता काही कळत नाही. आणि विरेमू तुझ्या व्हरांड्यावर आहे."

"आहे ना. मीच बोलावलंय त्याला. मला काय दिसत नाही?"

"मग मला कशाला विचारतेस?"

"इतके दिवस वाट बघितली की तू आपणहून करशील फोन," ती म्हणाली. "तू कसला करतोस! तुला लाज वाटत होती ना?"

"वाटत होती."

"मर्विन, माझ्याकडेही फोन आहे. त्यावर आकडा येतो. तुझ्या आधी येतो कधीकधी. मी आकड्यासाठी नव्हते करत फोन." मग जरा दटावून म्हणाली, "आता सांगतोस की ठेवू?"

मर्विन खुर्चीत सावरून बसला. "हे बघ वाल्माय. आठचा म्हणजे शतकातून एखादा."

"हं."

"सातचा तीन-चार वर्षांतून एकदा."

"तोही लांब समुद्रात."

"बहुतेक. सहाचे वर्षाला एक-दोन. पाचचे पंचवीस-तीस. चारचे तीन-साडेतीनशे..." आता तो बोटांवर मोजत होता. "तीनचे हजारांनी. आणि दोनचे तर विचारूच नकोस. बहुतेक सगळे लहानच असतात, वाल्माय."

"बहुतेक सगळे," वाल्माय म्हणाली. "बरं. पिते चहा."

नोलीन दारात हात पुसत उभी होती. "किती होता?" तिने विचारलं.

मर्विनने मोजे काढले आणि तळवे जमिनीवर नीट टेकवले. "दोन पॉइंट आठ," तो म्हणाला.